सुरूची फांदी

दिवाळीच्या अंकासाठी लिहायला बसावे आणि नाताळाविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण माझा नाइलाज आहे. मी वसईची. आमच्या आळीत दिवाळी आणि नाताळ यांच्यामध्ये दीड-दोन महिन्यांचे अंतर असे, आणि दोहोंचे साहित्य मात्र एकच. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ आणि सुतळी. शेजारच्या घरी आकाशकंदील होत असला की आम्ही भावंडे तिथे कामट्या तासायला जाऊन बसायचो, आणि उरलेल्या कामट्या घरी आणून माळ्यावर टाकायचो. डिसेंबरात त्याच कामट्यांचा पाच टोकांचा तारा होई. मग शेजारची मुले आमच्याकडे येत. कंदिलाच्या वेळी ज्याने बोट कापून घेतले असेल, तो ताऱ्याच्या वेळीही नेमाने कापून घेई.

मी कॉलेजात मराठी शिकवते. डिसेंबर आला की वर्गातली एखादी मुलगी हमखास विचारते, “मॅडम, तुमच्या घरी ख्रिसमस ट्री असतो ना? केवढा मोठा?” तिच्या डोळ्यांपुढे बहुधा एखाद्या मॉलमधले तीन मजली हिरवे झाड असते. मी हो म्हणते आणि हजेरी घेऊ लागते. सगळे सांगायचे तर तास संपेल. इथे तास संपण्याची भीती नाही, म्हणून सांगते.

ज्यांनी वसई पाहिली ती बहुधा किल्ल्यापुरतीच पाहिली. १५३४ साली पोर्तुगीज आले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी त्यांना घालवले, एवढे शाळेच्या पुस्तकात असते. पण किल्ला म्हणजे वसई नव्हे. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून समुद्राकडे चालू लागले की आमची वसई लागे. लागे असे मी मुद्दाम म्हणते. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, दर वाडीत एक विहीर, घराच्या ओट्याला लागून अबोलीचे वाफे, आणि गावागावांत एक पांढरे चर्च. रहाट मी चालताना पाहिला नाही. आमच्या विहिरीवर तेव्हा पंप बसला होता आणि रहाटाच्या लाकडांवर कोंबड्या रात्री झोपत. पहाटे चारला बायका भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या घेऊन पहिली लोकल गाठत. त्यांत माझी आई असे. आळी संपली की रेतीची वाट, आणि ती वाट थेट भुईगावच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात शिरे.

माझ्या आजीचा मात्र नाताळच्या झाडावर राग होता. ती वाडवळीत बोले. ते लाघव मला लिहून दाखवता येणार नाही, म्हणून तिचे बोलणे इथे साध्या मराठीत देते. ती म्हणे, “आपला नाताळ म्हणजे गोठा. झाड कुठून आलं? बाळ येशू काय झाडावर जन्मला?” आणि तिचे म्हणणे इतिहासाला धरूनच होते. एम. ए.ला असताना मी फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ अभ्यासले. १६१६ साली छापलेला हा मराठी ग्रंथ. त्यात बेथलेहेमचा गोठा आहे, झाड असण्याचे कारणच नाही. आमच्या पूर्वजांना नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांनी दिला. वास्को द गामा १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यापाशी होता, त्या किनाऱ्याचे नावही त्याने तेच ठेवले. अशी ही दूरची भावकी. झाडाची चाल मात्र जर्मनांची. तिथून ती इंग्लंडच्या राजवाड्यात गेली, १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आले, आणि मग काय, साहेब जाईल तिथे झाड. आमच्या आळीत ते मुंबईमार्गे आले. मुंबईत नोकरी करणाऱ्या मंडळींनी साहेबाच्या घरी, नाहीतर दुकानाच्या काचेआड पाहिले आणि घरी येऊन तसे करू लागले. आमच्या घरी ते बाबांनी आणले. बाबा मुंबईच्या एका गिरणीत फिटर होते.

आता वसईत फर कुठून मिळणार? पण बाबांची नजर कारागिराची. लांबून पाहिले तर सुरू अगदी त्या चित्रातल्या झाडासारखा दिसतो. जवळ गेले की फसवणूक कळते. खरे पाहता सुरू हा पाइनच्या कुळातला नव्हेच. त्याच्या ज्या लांब हिरव्या सुया दिसतात त्या पाने नसून बारीक डहाळ्या आहेत. पाने म्हणजे त्या डहाळीच्या सांध्यासांध्यावर असलेले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे खवले. आमचा एक खेळ होता. अशी एक सुई घ्यायची, एका सांध्यावर अलगद उपटायची आणि पुन्हा होती तशी बसवायची. मग दुसऱ्याने ओळखायचे, तुटली कुठे. नीट बसवली तर भल्याभल्यांना ओळखू येत नसे. मी या खेळात तरबेज होते.

हे झाडही मूळचे इथले नव्हे. आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकची बेटे हे त्याचे माहेर. भारतात ते १८६८ साली कारवारकडे लावले गेले आणि वाळू धरून ठेवते, खारा वारा सोसते, भुकाट जमिनीतही वाढते म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने पसरले. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात, म्हणून नुसत्या रेतीत त्याचे भागते. शास्त्रीय नाव कॅसुआरिना, कारण कुणाला त्या डहाळ्या कॅसोवरी नावाच्या पक्ष्याच्या पिसांसारख्या दिसल्या. मराठी नाव त्याहून मजेदार. फारसीत ‘सर्व’ म्हणजे सायप्रसचा वृक्ष, ज्याची उपमा तिकडचे कवी प्रेयसीच्या बांध्याला देतात. तो शब्द हिंडत हिंडत आमच्याकडे ‘सुरू’ झाला आणि या दुसऱ्याच झाडाला चिकटला. झाड परके, नाव परके आणि त्याचा नाताळातला उपयोगही परका. आजीला यातले काही ठाऊक नव्हते, पण ती त्याला ‘उपऱ्याचं झाड’ म्हणे ते उगाच नव्हे.

नाताळच्या आधीच्या रविवारी, मिस्सा आटोपून, बाबा आणि मी फांदी शोधायला निघत असू. धाकटा भाऊ तेव्हा मांडीवरचा होता. बाबांच्या खांद्यावर सुतळीची गुंडी आणि हातात कोयता. हा कोयता आजोबांचा. त्यांनी तो निर्मळच्या जत्रेत घेतला होता असे आजी सांगे. त्याची मूठ आजोबांच्या हाताने घासून घासून गुळगुळीत झाली होती. वाडीचे सगळे काम त्याच्यावर चाले, आणि काम झाले की तो स्वयंपाकघराच्या दाराशी एका खुंटीला टांगायचा असा आजीचा नियम होता.

बनातली झाडे सरकारी. वाळू उडून वाड्यांत येऊ नये म्हणून लावलेली. ती तोडायची नाहीत हे लहान मुलालाही ठाऊक होते. बाबांचाही तसाच नेम होता. वाऱ्याने मोडून पडलेली फांदी तेवढी घ्यायची, कोयता तिचे बूड सारखे करण्यापुरता. पण पडलेल्यांतही निवड असे. समुद्राकडच्या पहिल्या रांगेतली झाडे वाऱ्याने पूर्वेकडे कललेली आणि एका अंगाने बोडकी, त्यांची फांदी घरात ठेवली तर कुणीतरी मागून ढकलल्यासारखी दिसे. तिसऱ्या-चौथ्या रांगेत गेले की सरळ आणि दाट फांदी मिळण्याचा संभव. बाबा प्रत्येक फांदी हातभर उचलून धरत, एक डोळा मिटून पाहत आणि खाली ठेवत. गिरणीत साच्याचा दांडा सरळ आहे की नाही हे ते असेच पाहत असावेत. मी तोवर बोंडे गोळा करी. सुरूची बोंडे अंगठ्याच्या पेराएवढी, खडबडीत. परकराचा ओचा भरून बोंडे नेली की बाबा त्यांना चंदेरी रंग लावून देत, आणि बाजारात पैसे देऊनही मिळणार नाहीत असे मणी तयार होत.

त्या बनात एक आवाज असतो. वारा नसला तरी असतो. समुद्र आपल्या बाजूला आहे की डोक्यावर, तेच कळत नाही.

घरी आल्यावर फांदी डालड्याच्या मोठ्या डब्यात ओली रेती ठासून उभी करायची. सुरूला नाताळचे झाड करणे हे सोपे काम नव्हे. डहाळ्या लोंबत्या, त्यामुळे टांगलेली वस्तू घसरून खाली येई. शेंड्यावर तारा लावला की शेंडा नमस्कार करी. मग शेंड्याला मागून बांबूची काटी बांधायची. फांद्यांवर कापसाचे पुंजके ठेवायचे, ते बर्फ म्हणून! डिसेंबरात दुपारी घामाने निथळत आम्ही बर्फ पसरत असू आणि त्यात काही चुकते आहे असे कुणालाच वाटत नसे. झाडाखाली आजीचा गोठा. त्यातल्या मातीच्या मूर्ती तिच्या लग्नाच्याही आधीच्या. मेंढपाळाचे नाक गेलेले, एका मेंढीला तीनच पाय. आजी गोठा मांडी, पण मान वर करून झाडाकडे पाहत नसे. आठ दिवसांत झाड तांबूस होऊन गळू लागे आणि सुयांचे तुकडे घरभर होत. मग झाडू मारताना तिचे पुटपुटणे सुरू होई, ते ६ जानेवारीपर्यंत. त्या दिवशी तीन राजांचा सण. तो झाला की झाडाचे तुकडे करून न्हाणीच्या बंबात घालायचे. सुरूचे सरपण फार छान जळते. आजीला झाड आवडे ते या एका दिवशी.

आता १९८२ चा नाताळ.

त्या वर्षीच्या १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले एक बाबा. मला ते कळण्याचे वय नव्हते, मी सहा वर्षांची. मला एवढेच कळले की बाबा आता रोज घरी असतात, आणि ही चांगली गोष्ट आहे असे मी वर्गात सांगितलेही. पुढे पुढे घरातली एकेक गोष्ट बदलत गेली. चहात दूध कमी झाले. आई पहाटे एक टोपली नेई तिथे दोन नेऊ लागली. स्टोव्हच्या जागी पुन्हा चूल पेटली, कारण घासलेटला पैसे लागत. डिसेंबर आला तेव्हा अकरा महिने पगार नव्हता. नवे कपडे नाहीत आणि केकही नाही, हे आईने आधीच सांगून टाकले. करंज्या आणि वडे मात्र होणार होते. “आणि झाड?” मी विचारले. बाबा म्हणाले, “झाडाला काय पैसे पडतात? झाड आणू.”

त्या रविवारी आम्ही बनात गेलो आणि पाहतो तो काय, जमिनीवर काडी शिल्लक नव्हती! अंगणासारखे बन झाडून नेलेले. गावोगाव संपवाले, घरोघर चुली. बायकांनी पडलेली फांदी तर सोडाच, वाळलेल्या सुयासुद्धा गोणीत भरून नेल्या होत्या. आम्ही उत्तरेकडे चालत राहिलो. दुपार कलली. मी दमून रडू लागले असेन, नक्की आठवत नाही. आठवते ते एवढेच की बाबा एका बेताच्या, सरळ झाडापाशी थांबले, इकडे तिकडे पाहिले आणि एक चांगली छातीएवढी फांदी कोयत्याच्या तीन घावांत उतरवली. बाबांना मी इकडे तिकडे पाहताना त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

फांदी बांधून होते आहे तोच रखवालदार आला. सायकल हातात धरून, रेतीतून ढकलत. वयाने बाबांहून लहानच होता.

“कापली?” त्याने विचारले.

बाबा गप्प.

“कुठं कामाला?”

“गिरणीत.”

“म्हणजे संपावर.” त्याने माझ्याकडे पाहिले. मग फांदीकडे पाहिले. “साहेबापुढं उभं केलं तर दंड होईल. भराल?”

तेव्हा बाबांनी हात जोडले. गिरणीच्या फाटकापुढे घोषणा देणारे, ‘उपाशी राहीन पण मालकापुढे वाकणार नाही’ असे आईला बजावून सांगणारे माझे बाबा एका पोरसवदा रखवालदारापुढे हात जोडून उभे होते, आणि ते माझ्यासाठी. म्हणजे एका फांदीसाठी. मी खाली बसून एक सुई तोडत होते आणि पुन्हा बसवत होते. सांधा नीट बसेना.

रखवालदार दुष्ट नव्हता. मी आज त्याच्या जागी उभी राहून पाहिले तर त्याने केले ते वावगे नव्हते. तो म्हणाला, “फांदी घेऊन जा. ती आता काही परत चिकटणार नाही. कोयता ठेवा इथं.”

बाबांनी कोयता दिला.

परत येताना ते एक शब्द बोलले नाहीत. विहिरीवर हात धुताना म्हणाले, “आजीला सांगू नकोस.” मी मान हलवली. बाबांनी मला काही लपवायला सांगितल्याची ही पहिली वेळ, आणि माझ्या आठवणीत शेवटचीही.

संध्याकाळी आजीने खुंटीकडे पाहिले. “कोयता कुठं?”

“वाडीत राहिला,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी वाडीत कोयता शोधत हिंडत होती. केळीचा एकेक वाफा वाकून पाहत होती. तिसऱ्या दिवशीही तेच. तिची पाठ दुखे, वाकताना ती गुडघ्यावर हात ठेवी. मी ओट्यावरून पाहत असे. मला वाटे, धावत जावे आणि सांगून टाकावे. पण बाबांना शब्द दिला होता. सहा वर्षांच्या मुलीला दोन मोठ्या माणसांच्या मध्ये असे उभे राहायला लागू नये. आजही केळीच्या वाडीत कुणी वाकलेले दिसले की माझ्या पोटात कसेसेच होते.

त्या वर्षीचे झाड आमच्या घरातले सर्वांत देखणे झाड होते. ज्याने त्याने वाखाणले. सरळ, दाट, चहूबाजूंनी सारखे. मध्यरात्रीच्या मिस्सेहून आल्यावर आळीतली मुले ते पाहायला आली. बाबा त्याच्याजवळ गेले नाहीत.

सहा जानेवारीला आजीने न्हाणीपाशी हाक मारली, “झाड फोडायला घे.” बाबा उठले आणि सवयीने दाराकडे वळले. खुंटीला कोयता होता. तेल लावून पुसलेला. बाबा किती वेळ तसेच उभे होते ते सांगता येणार नाही, मला तो वेळ फार मोठा वाटला. आजी बंबात शेणी रचत होती. मागे न पाहता ती म्हणाली, “धार गेलीय. लावून घे.”

बस्स. त्यापुढे त्या विषयावर आमच्या घरात कुणी काही बोलले नाही.

आजी १९९१ साली गेली. तिच्या महिन्याच्या मिस्सेनंतर आईने मला सगळे सांगितले. फांदी घरात आली त्याच संध्याकाळी आजीने तिचे बूड पाहिले होते. मोडून पडलेली फांदी फाटते, तिला साल लोंबते. ही कापलेली होती, आणि ताजी. कोयता खुंटीला नाही. वाडीत जन्म काढलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवे? नाताळच्या तिसऱ्या दिवशी ती केळ्याची एक फणी आणि फडक्यात बांधलेले वडे घेऊन एकटी चालत बनापर्यंत गेली होती. रखवालदाराशी तिचे काय बोलणे झाले ते आईलाही ठाऊक नव्हते. “मग ती वाडीत शोधत का हिंडायची?” मी विचारले. आई म्हणाली, “तुझ्या बाबांनी सांगितलं ना, वाडीत राहिला म्हणून. मग शोधायला नको?”

संप कुणी मागे घेतला असे कधी झालेच नाही, तो विरून गेला. बाबा गिरणीत परत गेले नाहीत. त्यांनी वाडी केली. ती चांगलीही चालली, पण फार वर्षे नाही. १९९० साली वसई-विरारचे नियोजन सिडकोकडे आले, इमारती उठल्या, आणि त्या इमारतींना पाणी पुरवायला विहिरींवर टँकर उभे राहू लागले. आमच्या भागातल्या विहिरी मचूळ होत गेल्या. पानवेल आधी गेली. हरित वसईच्या मोर्चांत बाबा पुढे असत. पुढे २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये ठाण्याचे आम्ही पालघर जिल्ह्याचे झालो. हा एक वेगळाच लेख होईल आणि तो लिहिताना माझा आवाज चढेल, म्हणून इथे थांबते.

फांदीचा शोध मात्र चालू राहिला. पण १९८२ नंतर बाबांनी बनात कोयता नेला नाही. नुसती सुतळी घेऊन जात. पडलेली फांदी मिळे तशी आणत. बूड फाटलेलेच असे, ते डब्यात बसेना की खाली दगड लावत. मोठा झालेला भाऊ कुरकुर करी की इतरांची झाडे सरळ आणि आमचेच वाकडे. बाबा म्हणत, “काटी बांध, उभं राहील.”

भावाने २००३ साली आपल्या पहिल्या पगारातून प्लॅस्टिकचे झाड आणले. खोक्यात घडी घालून ठेवायचे, छत्रीसारखे उघडायचे. मला ते पाहून वाईट वाटले, बाबांना वाटले नाही. त्यांनी त्याचा एकेक तार सरळ करून ते उभे केले, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाले, “बरं झालं. ह्याला कोयता लागत नाही.” भाऊ हसला. आई उठून आत गेली.

पुढे भाऊ कॅनडाला गेला. तिकडे नाताळच्या झाडांची शेतेच असतात. माणसे कुटुंबासह जातात, रांगांतून हिंडून आपल्याला हवे ते झाड निवडतात, आपल्या हाताने कापतात, पैसे देतात आणि गाडीच्या टपावर बांधून घरी नेतात. एका वर्षी त्याने तसा फोटो पाठवला. बर्फात गुडघ्यावर बसून हातात करवत. बाबा तेव्हा आजारी होते. फोनवर त्यांनी विचारले, “तिथं रखवालदार नसतो का?”

“असतो ना बाबा. तोच तर करवत देतो!”

बाबा हसू लागले ते थांबेनात. खोकला येईपर्यंत हसले. २०१८ च्या पावसाळ्यात ते गेले.

२०२४ च्या डिसेंबरात भाऊ मुलाला घेऊन आला होता. मुलगा नऊ वर्षांचा. त्याला आजीच्या घरचे प्लॅस्टिकचे झाड पाहून आश्चर्यच वाटले. झाडांचा देश सोडून तो आला होता आणि इथे झाड खोक्यातून निघाले. तो म्हणाला, आपण खरे आणू या. आम्ही तिघे भुईगावच्या किनाऱ्यावर गेलो. रिक्षा बनापर्यंत जाते. रविवार होता, गाड्या लागल्या होत्या, कुणी भेळेचे कागद टाकले होते. आम्ही पुढे चालत गेलो.

जिथे बाबा एक डोळा मिटून फांद्या पाहत, तिथे आता झाडे नाहीत. समुद्र आत आला आहे. पुढची झाडे मुळांसकट आडवी पडली होती, मुळे उघडी, भरतीच्या पाण्याने धुतलेली, आणि त्यांच्यामागची झाडे रेतीच्या कड्यावर कशीबशी तोल सांभाळत उभी. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ झाले तेव्हाही पुष्कळ पडली होती. भाऊ म्हणाला, “अगं, कोयता आणायला हवा होता.” मी म्हटले, “नको. पडलेल्याच आहेत.” १९८२ चे त्याला मी कधी सांगितले नव्हते. तेव्हाही नाही सांगितले.

नुकत्याच पडलेल्या एका झाडाचा शेंडा अजून हिरवा होता. आम्ही तो पायाने दाबून, पिळून, मोडून घेतला. भाच्याने दोन्ही खिसे बोंडांनी भरले. परतताना रिक्षात मी त्याला एक सुई तोडून, पुन्हा बसवून दाखवली आणि विचारले, “ओळख, कुठं तुटली?” त्याने पहिल्याच खेपेला ओळखले. एकतर त्याची नजर तयार आहे किंवा माझा हात गेला.

आई ओट्यावर बसली होती. आम्ही फांदी तिच्यापुढे आडवी ठेवली. शेंडा, डहाळ्या, कशाकडेच न पाहता तिने आधी तिचे बूड हातात घेतले आणि चष्मा वर करून पाहिले. लोंबती साल बोटाने चाचपली.

“फाटलेली आहे,” ती म्हणाली. मग भावाला म्हणाली, “डबा माळ्यावर आहे. रेती ओली करून भर.”